घरटी एक माणूस

माझ्या सासूबाईंनी आयुष्यात आंदोलन हा शब्द कधी उच्चारला नाही. मधला पावसाळा आणि काही दिवस सोडले तर सव्वा वर्ष त्या रस्त्याच्या कडेला उन्हातान्हात बसल्या, पण कुणी विचारलं तर एवढंच सांगायच्या की आज आमच्या घराची बारी आहे. मी तेव्हा भिवंडीत, निजामपुऱ्याजवळच्या एका शाळेत इतिहास शिकवत होते. सत्याग्रहाचा धडा मी दर वर्षी फळ्यावर मुद्दे काढून शिकवायचे आणि घरी येऊन म्हातारीला सांगायचे की असं नुसतं बसून काही होत नसतं. यातला विनोद माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला.

लग्न होऊन मी कल्याणहून अंजूरच्या पलीकडच्या एका खाडीकाठच्या गावात आले. नवरा ठाण्याला कंपनीत शिफ्टला जायचा. घरात असला की झोपलेला, जागा असला की जेवत. त्यामुळे माझा संसार खरं तर सासूबाईंशीच झाला. त्या बुटक्या, काटक आणि हट्टी होत्या. मला 'मास्तरीणबाय' म्हणायच्या, त्यात निम्मा मान आणि निम्मी थट्टा असायची. मला भाकरी थापता येत नाही, हे त्यांनी गावभर सांगितलं होतं आणि तरी माझ्या हातची जाडजूड भाकरी रोज मुकाट्याने खायच्या.

सासरे फार लवकर गेले. त्यानंतर खाडीलगतचं दीड एकर भाताचं शेत सासूबाईंनी एकटीने कसलं आणि त्यावर मुलाला वाढवलं. दोन हजार साल उलटलं तशी आमच्याकडची शेतं एकामागून एक गोडाऊनखाली जायला लागली. आमच्या शेजारच्यांनी विकलं, त्यांच्या शेजारच्यांनी विकलं. सासूबाईंनी विकलं नाही. दलाल आला की त्याला चहा पाजायच्या, त्याच्या आईची तब्येत विचारायच्या आणि दारापर्यंत सोडून यायच्या. बिचाऱ्याला बोलायला जागाच मिळायची नाही.

मग गोडाऊनकडे जाणाऱ्या रस्त्यासाठी शेतांच्या खालच्या अंगाला भराव पडला. पावसाळ्यात शेतातलं जास्तीचं पाणी ज्या नाल्याने खाडीत जायचं, तो नाला या भरावाने अडवला. ठेकेदाराने भरावाखाली सिमेंटचा एक पाइप टाकला, पण त्याचं तोंड शेताच्या तळापेक्षा वीतभर वर. त्या वर्षी लावलेलं भात पंधरा दिवस पाण्याखाली राहिलं आणि कुजलं. सासूबाई शेतात उतरल्या, एक आवा, म्हणजे भाताचं रोप, उपटला, हुंगला आणि परत पाण्यात टाकून दिला. घरी येऊन त्यांनी चूल पेटवली. मी शाळेत गेल्यावर शेजारणीकडे जाऊन रडल्या, हे मला शेजारणीने नंतर सांगितलं.

आता इथे आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचा लांबलचक बांध आहे. भरतीने तो कुठे फुटला की दुरुस्तीला घरटी एक माणूस येतोच. तुमचं शेत बांधाला लागून असो, लांब असो, नसलं तरी. घरात पुरुष नसेल तर बाई येते. काम लांबलं तर घरं बारीने, म्हणजे पाळीपाळीने, येतात. बारी चुकवली तर दंड नसतो. फक्त पुढे कित्येक वर्षं लग्नाकार्यात लोक आठवण काढतात, आणि ते दंडापेक्षा वाईट. काम सुरू करताना एक जण नारळ फोडतो. ज्याने नारळ फोडला त्याचं ते काम. पाणी आत घुसत असताना पाचजणांनी पाच हुकूम देऊन चालत नाही, म्हणून ते काम संपेपर्यंत सगळ्यांनी त्याचंच ऐकायचं.

दिवाळीनंतर सासूबाईंनी ही रीत उचलून भरावावर आणून ठेवली. भराव अजून पुढे जायचा होता. जिथे मातीचा पुढचा ट्रक रिकामा व्हायचा, तिथे त्या पालथ्या घमेल्यावर जाऊन बसल्या. पहिल्या दिवशी त्या एकट्या होत्या, नारळही कुणी फोडला नव्हता. दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरातली बाई आली, कारण बारी तिची होती. मग तिसरं घर. हळूहळू रोज चार-पाच घरांची चार-पाच माणसं, बहुतेक म्हाताऱ्या बायका, तिथे दिसायला लागली. मजा म्हणजे ज्यांनी जमिनी विकून बंगले बांधले होते, त्यांच्याकडूनही माणूस यायचं. बंगला झाला म्हणून घर थोडंच बदलतं.

घोषणा नाहीत, फलक नाही. बायका सुका जवळा निवडायच्या, फाटक्या जाळ्याला टाके घालायच्या, सुनांची उणीदुणी काढायच्या. रस्ता त्या अडवायच्या नाहीत. जाणाऱ्या ट्रकला जाऊ द्यायच्या. फक्त माती टाकणाऱ्याला जागा मिळायची नाही. त्यांची मागणी एकच होती: पाइप काढा आणि शेताच्या तळाशी रुंद मोरी बांधा, पाणी जाऊ द्या. तहसील कचेरीत अर्ज दिला होता. तो मीच लिहिला होता आणि त्यातल्या भाषेचा मला अभिमान होता.

त्या रस्त्याने उत्तर प्रदेशातला एक ट्रकवाला रोज गोडाऊनला माल आणायचा. तरुण, दात पुढे आलेले, सदा हसतमुख. तो आधी दुरून बघायचा, मग एक दिवस थांबून त्याने पाणी मागितलं. त्यानंतर तो रोजच थांबायला लागला. सासूबाईंना तो मौसी म्हणायचा. त्यांना हिंदी येत नव्हतं आणि त्याला मराठी, पण त्याच्या गावी भात कधी लावतात, त्याच्या बायकोला मुलगी झाली ती कुणावर गेली, हे सगळं त्यांना माहीत होतं. हे कसं, ते मला कधीच कळलं नाही.

होळीपर्यंत असंच चाललं. कचेरीतून कुणी आलं नाही. माझा धीर सुटला. मी जात्याच उतावळी आहे; वरण शिजलं का हे बघायला कुकर उघडणारी बाई मी. मला वाटायला लागलं की या म्हाताऱ्यांना कुणी वाली नाही, कुणीतरी आवाज असलेला माणूस हवा. आमच्या शाळेच्या हेडक्लार्कच्या ओळखीचा एक पुढारी होता. सगळा तालुका त्याला भाऊ म्हणायचा. निवडणूक वर्षभरावर आली होती. मी हेडक्लार्कला गळ घातली आणि भाऊ आला. त्याला मीच आणलं, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते, कारण गावात अजूनही काहीजणांना वाटतं की तो आपणहून आला.

भाऊ खरोखर लाघवी माणूस होता. आमच्या ओसरीवर मांडी घालून बसला, सुकटीची चटणी दोनदा मागून घेतली आणि माझ्या जाड भाकरीचं कौतुक केलं. असं करणारा माझ्या आयुष्यातला तो पहिला आणि शेवटचा. सासूबाईंच्या पाया पडून त्यांना 'आई' म्हणाला. लग्नानंतर हा शब्द जिभेवर रुळायला मला दोन वर्षं लागली होती. त्याला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. मी भारावून गेले, खोटं का बोलू?

दुसऱ्या रविवारी भरावावर त्याची सभा ठरली. पाहुण्याला मान द्यायचा तर कसा, यावर गावातल्या मोठ्या माणसांचा खल झाला. शाल कुणी आणली नव्हती, हार सुकलेला होता. मग कुणीतरी म्हणालं, नारळ भाऊंच्या हातून फोडू या. सगळ्यांना ते शोभेलसं वाटलं. भाऊने नारळ फोडला, पाणी चौफेर उडालं, आणि आपण काय दिलं हे गावाला कळायच्या आत काम त्याचं झालं.

त्यानंतरचे दिवस मोठ्या धामधुमीचे होते. टेम्पोतून माणसं यायची, आमच्या गावची नव्हेतच. मांडव आला, लाउडस्पीकर आला, चिवड्याची पाकिटं आली. घमेल्यांच्या जागी प्लास्टिकच्या खुर्च्या लागल्या. सासूबाईंना व्यासपीठावर मधोमध बसवायचे, पण बोलायला कधी सांगितलं नाही. भाऊच बोलायचा. आणि काय बोलायचा! "तुमचं दुःख ते माझं दुःख," म्हणायचा. "मी कुणाचा पुढारी नाही, मी म्हणजेच तुम्ही." मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचे. इतक्या वाजवायचे की संध्याकाळी वह्या तपासताना तळवे चुरचुरायचे. आपल्या मनातलं कुणीतरी इतक्या मोठ्या आवाजात बोलतंय, याचं सुख फार मोठं असतं. त्या सुखात आपण स्वतः बोलायचं थांबलोय, हे कळत नाही.

हळूहळू भाषणातून मोरी बाजूला पडली. मोरीवर टाळ्या पडत नव्हत्या. पाइपाचं तोंड वीतभर वर आहे, यात कुणाचं रक्त उसळणार? मग भाऊ बाहेरच्यांवर घसरला. हे ट्रक कुणाचे, हे ड्रायव्हर कुठले, आपल्या मातीवर पोट भरतात आणि आपलीच माती करतात. त्यावर मात्र टाळ्या कडाडल्या. मीही वाजवल्या. सवय लागली होती.

अशाच एका सभेनंतर गर्दी रस्त्यावर उतरली आणि समोरून तो ट्रकवाला आला. रोजच्यासारखा त्याने ट्रक हळू केला, बहुधा पाणी प्यायला. दगड कुणी मारला ते दिसलं नाही. टेम्पोतून आलेल्यांपैकी कुणी असेल, आमच्या गावच्या पोरांपैकीही असेल. आपलेच दात, आपलेच ओठ. पुढची काच फुटली आणि त्याच्या कपाळाला खोक पडली. सासूबाई व्यासपीठावरून कशा उतरल्या ते मी पाहिलं नाही. मी पोहोचले तेव्हा त्या ट्रकच्या पायरीवर चढून आपल्या पदराची पट्टी त्याच्या डोक्याला बांधत होत्या आणि तो मौसी, मौसी करत रडत होता. भाऊने माइकवरून शांततेचं आवाहन केलं. तेही त्याने उत्तम केलं.

त्या दिवसापासून सासूबाई तिकडे गेल्या नाहीत. आठवड्याभरात भाऊने विजय झाल्याचं जाहीर केलं. ठेकेदाराने पहिल्या पाइपाशेजारी दुसरा पाइप टाकला होता. गुलाल उधळला, मांडव उतरला, टेम्पो गेले. मी संध्याकाळी जाऊन पाहिलं. दुसऱ्या पाइपाचं तोंडही बरोबर पहिल्याच उंचीला होतं. भाऊ, तुझी मदत नको पण टेम्पो आवर, असं म्हणायचीही वेळ निघून गेली होती.

मी घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. माझं चुकलं म्हणाले. त्यांनी भाताचं आधण ठेवलं होतं, त्याकडे बघत त्यांनी नुसती मान हलवली. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी म्हणाले, आई, आपण परत बसू या. त्यावर त्यांनी सांगितलं की गाव येणार नाही. नारळ त्याने फोडला, काम संपलं असं तोच म्हणाला. आता कुणाची बारी लावायची?

आणि खरंच, गाव तसंच म्हणत होतं. भाऊवर चिडले होते सगळे. चहाच्या टपरीवर त्याला शिव्या देत होते. पण रीत ती रीत. ज्या माणसाने आम्हाला फसवलं, त्याच्याशी आम्ही इमानाने वागत होतो. मला तर हसावं की डोकं आपटावं कळेना.

अक्षयतृतीयेच्या सुमारास देवळात गावकी भरली. बायका नेहमीप्रमाणे पायरीवर. विषय देवाच्या पालखीचा होता. तो संपला, लोक उठायला लागले, तेव्हा सासूबाई पायरीवरूनच बोलल्या. गावकीत त्या याआधी कधी बोलल्या नव्हत्या.

"एक इचारते. बांधाचा नारल फोडतो त्यो मंग काय करतो?"

कुणीतरी म्हणालं, काय करतो म्हणजे, काम करतो.

"कसा करतो? चिखलात पयला कोन उतरतो? पयली पाटी कोन उचलतो?" त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "त्यान उचलली? त्याच्या पायाला चिखल लागला? न्हाय लागला. मंग त्यो नारल बांधाचा न्हाय. नुसता खायाचा नारल."

गावातले सगळ्यात वयस्कर आजोबा खांबाला टेकून बसले होते. कित्येक वर्षं बांधाचा नारळ त्यांनीच फोडला होता. त्यांनी आपल्या भेगाळलेल्या तळपायांवरून हात फिरवला. मग म्हणाले की बाई बरोबर बोलते. नारळ फोडून काठावर उभा राहणारा माणूस आजवर कुणी बघितलाच नव्हता, म्हणून ही गोष्ट कधी बोलावी लागली नाही. त्यांनी विचारलं, बारी कुठे थांबली होती? कुणालाच आठवेना. सासूबाईंना आठवत होतं. आमच्याच घरापाशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कपाळाला सुंठ लावून पडून राहिल्या. ताप नव्हता, मी हात लावून बघितला. मला म्हणाल्या, "घरटी एक मानूस. आज तू जा, बाय."

शाळेला सुट्टी लागलेली होती, सबब नव्हती. मी घमेलं घेऊन गेले आणि बसले. दहा मिनिटांत कळलं की बसणं किती अवघड असतं. टाळ्या नाहीत, माइक नाही, ऊन डोक्यावर, आणि शेजारची म्हातारी मला जवळ्यातला कचरा कसा काढायचा ते शिकवतेय. आपण जिंकतोय की हरतोय, हे सांगायला कुणी नाही. मी इतकी वर्षं फळ्यावर जे मुद्दे काढले होते, त्यात हे नव्हतं.

दुपारी तो ट्रकवाला आला. काच नवी बसवलेली, कपाळावर टाके. जरा लांब थांबला. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. त्याने आधी मौसी आजारी आहे का, ते विचारलं. मग पाणी प्यायला. मी माझ्या मोडक्या हिंदीत माफी मागितली. तो संकोचून म्हणाला, "आपने थोड़ी मारा, दीदी." मी टाळ्या वाजवल्या होत्या, हे त्याला सांगायचं धैर्य मला झालं नाही. ते मी आज सांगते आहे.

पुढचं काही चमत्कारासारखं घडलं नाही. तो पावसाळाही पाण्यात गेला, भात परत कुजलं. पाऊस ओसरल्यावर बारी पुन्हा सुरू झाली. गोडाऊनवाल्यांना रस्ता पुरा हवा होता आणि म्हाताऱ्यांच्या अंगावर माती टाकायला कुणी ड्रायव्हर तयार होत नव्हता. दिवाळीनंतर कचेरीतून एक तरुण इंजिनिअर आला. तो ओरडण्याच्या तयारीने आला होता. सासूबाईंनी त्याला जवळा निवडणाऱ्या बायकांत बसवलं, मग शेताच्या तळात काठी उभी केली, दोरी पाइपापर्यंत ताणली आणि वीतभराचा फरक त्याला दाखवला. त्याने वाकून तो स्वतःच्या वितीने मोजला आणि वहीत टिपून घेतला. थंडी सरायच्या आत मोरी बांधून झाली, रुंद, दोन तोंडांची, तळाला टेकलेली.

मोरीपाशी लगेच भाऊचा फलक लागला: दिलेला शब्द पाळला. निवडणुकीत तो आरामात जिंकला, आमच्या गावातूनही त्याला बरीच मतं पडली. मी चिडले, फणफणले. सासूबाईंना त्याचं काही वाटलं नाही. तो गोड बोलतो, म्हणाल्या, लोकांना गोड आवडतं.

त्या वर्षी श्रावणात सलग तीन दिवस पाऊस लागला. चौथ्या दिवशी सकाळी उघडीप झाली तशा आम्ही दोघी शेतावर गेलो. मी मनातून घाबरले होते. मोरीच्या कठड्याशी उभं राहून खाली पाहिलं तर गढूळ पाणी दोन्ही तोंडांतून धो धो खाडीकडे चाललं होतं. शेतात आव्यांचे शेंडे वर आले होते. बघता बघता ते बोटभर आणखी वर आले. सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं. मला इतका आनंद झाला होता की त्या आनंदात मी ते विचारून टाकलं, जे दीड वर्ष विचारलं नव्हतं. आई, मी भाऊला आणलं म्हणून तुम्ही माझ्यावर रागावला होतात ना?

पाण्याकडे बघतच त्या म्हणाल्या,

"त्याला आनलास त्याचा मना राग न्हाय आला. मानूस चुकतो." मग म्हणाल्या, "त्यो बोलाचा आन तू टाल्या वाजवाचीस. मी तितंच समोर बसलेली. एकदा पन माझ्याकडं बगितलं न्हायस."

मी त्यांच्याकडे वळून बघितलं. तोंडावर सुरकुत्या, डोळे पाणावलेले, कपाळावर पावसाचा एक थेंब. रोज ज्यांच्या शेजारी बसून जेवत होते, त्या बाईकडे. मग त्या म्हणाल्या की चल, घरी भाकऱ्या व्हायच्यात, आज तू थाप.